टॉवेल आधीच्या विमानानं

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी माझ्याकडे फार नाहीत. रत्नागिरीच्या मांडवीतली माणसं मयेकरअण्णांना थापाड्या म्हणत होती, तेव्हा अण्णा खरं बोलत होते हे मला माहीत होतं. अंदाजानं नव्हे, पक्कं माहीत होतं. सगळ्या मांडवीत ते मला एकट्यालाच माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात माझा फायदा होता. तो कुठला, ते पुढं येईलच. पण आधी अण्णा कोण होते ते सांगायला हवं, कारण आता मांडवीत त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या थापाच तेवढ्या सांगतात.

अण्णा म्हणजे वासुदेव मयेकर. तरुणपणी बोटीवर लाँड्रीत लागले, आणि एका बंदरात उतरले ते एका परदेशी हॉटेल कंपनीला चिकटले. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मोठं नाव आहे, देशोदेशी त्या नावाची हॉटेलं आहेत. हाँगकाँग, बहारीन, नैरोबी असा सगळा उमेदीचा काळ अण्णांनी त्या एका कंपनीत काढला. सुरुवात खोल्या झाडण्यापासून, शेवट खोल्या झाडणाऱ्यांचे साहेब म्हणून. ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी ते निवृत्त होऊन मांडवीला परत आले. त्या दिवसांत बाहेरून परत येणारा माणूस टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या आणि घड्याळं घेऊन यायचा. अण्णांनी एक वजनदार इस्त्री आणली आणि दार ठोठावायची सवय आणली.

कुठलंही बंद दार दिसलं की अण्णा बोटाच्या पेरानं टकटक करायचे, एक पाऊल मागं सरायचे आणि म्हणायचे, "हाऊसकीपिंग." मग थांबायचे. आतून उत्तर आल्याशिवाय कडीला हात लावायचे नाहीत. रिकाम्या खोलीलाही हाच नियम, आणि स्वतःच्या घरालाही. काकू आतून ओरडायच्या, "अहो, घर तुमचंच आहे. आणलं असेल ते ओट्यावर ठेवा नि आत या." एकदा देवळात गाभाऱ्याचं दार लोटलेलं होतं, तर अण्णांनी तेही ठोठावलं, असं आमचे नाना सांगत. नानांनी पाहिलं होतं की रचलं होतं, ते देव जाणे.

मी तेव्हा मांडवीला भाऊशेठच्या सागरतारा लॉजमध्ये मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे गल्ल्यावर बसायचं, आल्यागेल्याची नावं लिहायची आणि नळाचं पाणी गेलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. भाऊशेठनी अण्णांना खोल्यांवर सुपरवायझर म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी अण्णांनी काय केलं, तर प्रत्येक खोलीत जाऊन बूट काढले आणि पलंगावर उताणे पडले. दोन खोल्या भाऊशेठनी दारातूनच बघितलं. तिसऱ्या खोलीत त्यांना राहवेना.

"अण्णा, प्रवासानं दमलात की काय?"

"भाऊशेठ, तुमचं गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? झोपायचे. झोपलेल्या माणसाला काय दिसतं? भिंत नाही दिसत. छत दिसतं. इथं या, पडा जरा शेजारी."

भाऊशेठ पडले. छताला पावसाच्या ओलीचा डाग होता, शिंगांसकट म्हशीसारखा.

"बघा," अण्णा म्हणाले, "माणूस पैसे भरून रात्रभर म्हशीखाली झोपतो."

भाऊशेठनी छतं रंगवून घेतली. भिंतींचा खर्च मात्र पुढच्या वर्षावर ढकलला. त्यामुळं आमच्या लॉजमध्ये भिंतींना पोपडे आणि छत नव्या नवरीसारखं, असं झालं. म्हशीच्या खोलीत नेहमी उतरणारा एक औषधांचा विक्रेता होता. त्यानं सकाळी गल्ल्यावर येऊन विचारलं, "म्हैस कुठं गेली? मला झोप नाही लागली ओ."

टॉवेलाच्या घडीचंही तसंच. अण्णांची घडी म्हणजे पानाचा विडाच. पदर एकावर एक घ्यायचे आणि शेवटचं टोक आत खोचायचं, लवंग टोचल्यासारखं. आमचे टॉवेल काही विड्याच्या लायकीचे नव्हते, पण अण्णा घालायचे ती घडी. "माल भाऊशेठचा आहे," म्हणायचे, "हात माझा आहे."

संध्याकाळी लॉजच्या ओट्यावर बैठक भरायची. समोर जेट्टी, खारा वारा आणि भाऊशेठचा फुकट चहा. बैठकीतला मुख्य माणूस नाना. ते कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर वकिलांनी घेतलेल्या उलटतपासण्या त्यांनी मुकाट्यानं ऐकल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर ते स्वतः घेऊ लागले. अण्णांसारखा साक्षीदार त्यांना कुठं मिळणार?

अण्णा एखाद्या संध्याकाळी सांगत, "आमच्या कंपनीतला टॉवेल असा जाड, की भिजला तर पिळायला दोन माणसं लागायची." सगळे माना डोलवत. काही दिवसांनी परत विषय निघाला की म्हणत, "आमच्या कंपनीतला टॉवेल डोळ्यांवर धरलात तरी पलीकडचा पेपर वाचून व्हायचा."

नाना कप खाली ठेवत. "मयेकर, मागच्या जबानीत टॉवेल पिळायला दोन माणसं होती. ती आज कुठं गेली?"

"ती हाँगकाँगला, नाना. हा नैरोबीचा टॉवेल."

"म्हणजे कंपनी दुसरी."

"कंपनी तीच."

"नाव?"

"तेच. पाटीसुद्धा त्याच रंगाची."

"भाडं?"

"तेवढंच. नैरोबीत थोडं जास्तच."

"मग टॉवेल पातळ कसा झाला? प्रवासात झिजला?"

ओट्यावर हशा पिकायचा. अण्णाही हसायचे. ऑम्लेटचंही तेच. बहारीनला ते तीन अंड्यांचं, नैरोबीला एका अंड्याचं, आणि कुठल्याशा एका बेटावर अण्णा सहा महिने होते, तिथं ऑम्लेट फक्त मेन्यूकार्डावर होतं.

"नाव एक आणि माल तीन," नाना म्हणाले, "याला आमच्या कोर्टात फसवणूक म्हणतात."

"आमच्या कंपनीत त्याला ब्रँच म्हणतात," अण्णा म्हणाले.

अण्णा चिडायचे नाहीत, समजावून सांगायचे. "असं बघा नाना, नाव लंडनला राहतं, टॉवेल गावात राहतो. गावातला मालक ते नाव भाड्यानं घेतो. मग तो बघतो, आपलं गिऱ्हाईक ओरडणारं आहे की सोसणारं. ओरडणारं असलं तर टॉवेल जाड. सोसणारं असलं तर पेपर वाचा." हे आज मला लख्ख समजतं. तेव्हा ओट्यावर कोणालाच समजलं नाही, कारण आमच्या डोक्यात परदेश म्हणजे एकच गाव होता आणि त्या गावात सगळं जाडच असणार होतं. साहेबाच्या कंपनीत पातळ टॉवेल असतो हे सांगणारा माणूसच आम्हाला पातळ वाटायला लागला.

त्यात अण्णांनी इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली.

कंपनीचा इन्स्पेक्टर लंडनहून निघायचा आणि एकेक हॉटेल तपासत जायचा. सगळीकडे माल सारखा आहे की नाही, हे बघणं एवढंच त्याचं काम. "आता माल सारखा नाही हे सगळ्यांना ठाऊक," अण्णा सांगत होते. "मग काय करायचं? साहेब बहारीन बघून झाला की दोन दिवस समुद्रावर आराम करायचा. तेवढ्यात आम्ही मागच्या दारानं टॉवेल, पडदे, काचेचे ग्लास पेट्यांत भरायचे. टॉवेल आधीच्या विमानानं, साहेब नंतरच्या विमानानं."

"आणि तुम्ही?" नानांनी विचारलं.

"मी टॉवेलांबरोबर. साहेब नैरोबीला उतरायचा तेव्हा टॉवेल दांडीवर. नैरोबी झालं की पेट्या परत विमानात. एकदा असं झालं, की बहारीनच्या एका टॉवेलावर इस्त्रीचा तिकोनी डाग पडला होता. साहेबानं तो तिथं बघितला आणि मला म्हणाला, 'मयेकर, हा टॉवेल बदल.' घाईत तोच पेटीत गेला. नैरोबीत साहेबानं तो परत बघितला. खूप वेळ बघितला. मग मॅनेजरचा हात हातात घेऊन म्हणाला, 'शाबास, तुमच्याकडे डागसुद्धा सगळीकडे एकाच मापाचे आहेत.' आणि लिहून टाकलंन, माल सगळीकडे सारखा."

"इन्स्पेक्टर मूर्ख होता का?"

"मूर्ख कसला, नाना. पुढच्या महिन्यात त्याची निवृत्ती होती."

त्या दिवशी ओटा हसून लोळला, आणि अण्णांवर शिक्का बसला. 'टॉवेल आधीच्या विमानानं' ही मांडवीची म्हण झाली. कोणी म्हणालं, मी काल एवढी मोठी सुरमई बघितली, की पलीकडून उत्तर यायचं, "होय तर, टॉवेल आधीच्या विमानानं." परीक्षेचे पेपर सोपे गेले असं सांगणाऱ्या पोराला आई म्हणायची, "हां, टॉवेल आधीच्या विमानानं." मासळी विकणाऱ्या बायका ताज्या-शिळ्याच्या घासाघिशीत ही म्हण वापरू लागल्या, तेव्हा मात्र अण्णांचा चेहरा उतरला. गल्ल्यापाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "सुधाकरराव, तुम्हालाही खोटं वाटतं?"

"छे छे, अण्णा," मी म्हणालो. पण छे छे म्हणायच्याही दोन तऱ्हा असतात.

भाऊशेठना अण्णांच्या गोष्टींतलं एकच पटलं होतं. ते म्हणजे एका नावाची पुष्कळ हॉटेलं. त्यांनी ठरवलं, दापोलीत एक सागरतारा काढायचं. तिथं कॉलेजातल्या मुलांचे आईबाप येतात, त्यांना उतरायला जागा नाही. आणि एक पोफळीत, वीज प्रकल्पावर कामाला येणाऱ्या कंत्राटदारांसाठी. पोफळीपासून समुद्र डोंगरांपलीकडे कोसावर कोस लांब, पण नाव सागरताराच. तिन्ही लॉजवर देखरेखीला एक माणूस नेमायचा होता. त्याला पगारवाढ आणि एक मोटारसायकल. माणसं दोनच होती, अण्णा आणि मी.

मला गल्ल्यामागून उठायचं होतं. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोला मोटारसायकलवर बसवून भाट्याच्या पुलावरून नेण्याची चित्रं मी दिवसाढवळ्या बघत होतो. अण्णांना मोटारसायकल चालवतासुद्धा येत नव्हती. त्यांना वेगळंच काहीतरी हवं होतं. एकदा चादरींच्या घड्या घालताना ते मला म्हणाले, "कंपनीला जमलं नाही ते. हॉटेलं फार होती, मालक फार होते. इथं तीनच आहेत आणि मालक एक. तीन जमतात, सुधाकरराव. मरायच्या आधी एकदा बघायचंय, दारावर नाव एक आणि आत खोलीही एक."

अण्णांना हे काम मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. नानांनी मोडता घातला. "भाऊशेठ, तीन गावचा हिशेब ज्याच्या तोंडावर ठेवायचा, त्याच्या तोंडचा टॉवेल रोज जाडी बदलतो. विचार करा." भाऊशेठ विचारात पडले. आणि विचारात पडले की ते एकच गोष्ट करत. देवीला कौल लावत. चहाची पावडर बदलायची तरी कौल लावणारा माणूस तो.

कौलाच्या आदल्या दिवशी सकाळची ही गोष्ट. अण्णा दापोलीला नव्या जागेतल्या पलंगांची मापं घ्यायला गेले होते. लॉजमध्ये रात्री उतरलेले एक वयस्कर गृहस्थ गोव्याची एसटी पकडायला निघाले होते. फर्नांडिस त्यांचं नाव. ते खोलीतला टॉवेल हातात घेऊनच गल्ल्यावर आले. मला वाटलं, आली तक्रार.

"मॅनेजर, ही घडी कोणी घातली?"

"आमच्याकडे मयेकर म्हणून आहेत."

"मयेकर? रत्नागिरीचा मयेकर? टॉवेलवाला?"

मी हो म्हणताच ते बाकड्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी मला इन्स्पेक्टरची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट, पण पलीकडच्या बाजूनं. ते नैरोबीच्या हॉटेलात कॅशियर होते. पेट्या विमानतळावरून आणताना अण्णा टेंपोत पेट्यांवर बसून कसे आले, टॉवेल दांडीवर कसे चढले, तिकोनी डाग, शाबास, सगळं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि अण्णांनी आम्हाला कधी न सांगितलेलं असंही काही सांगितलं.

"साहेब गेल्यावर टॉवेल परत पेटीत भरायचे होते. हा मयेकर मॅनेजरकडं जाऊन म्हणाला, हे इथंच राहू देत, इथली माणसं पण तेवढेच पैसे देतात. मॅनेजरनं काय केलं ठाऊक आहे? त्याला सहा महिने एका बेटावर पाठवून दिला. तिथं अंडंसुद्धा मिळत नव्हतं."

स्टँडवर न्यायला आलेल्या रिक्षावाल्यानं बाहेर हॉर्न दिला. फर्नांडिससाहेब उठले. "मयेकरला सांगा, फर्नांडिस आला होता. म्हणावं, नैरोबीत तुझं नाव अजून काढतात. नक्की सांगा हां."

"नक्की सांगतो," मी म्हणालो.

अण्णा संध्याकाळी दापोलीहून आले. धुळीनं भरलेले, पण खुशीत. मापाची फीत गळ्यात होती. "पलंग इथल्यापेक्षा चार बोटं आखूड आहेत, सुधाकरराव. बदलून घ्यावे लागतील." माझ्या ओठांवर आलं होतं, अण्णा, तुमचे फर्नांडिस आले होते. पण ते सांगितलं की अण्णा ओट्यावर सांगणार, ओटा मला विचारणार, आणि उद्याच्या कौलाला काही अर्थच उरणार नाही. मी म्हटलं, उद्या सांगू. कौल झाला की सांगू.

कौलाला अर्धी मांडवी देवळात. देवीपुढं दाजी गुरव बसला होता. त्यानं पाषाणावर दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवल्या. अशा कौलात कळी उजवीकडची पडली तर होकार आणि डावीकडची पडली तर नकार. दाजीनं विचारायला हवं होतं, मयेकर खरं बोलतो की खोटं. पण नानांना असा मोघम प्रश्न मंजूर नव्हता. "मुद्दा काढून विचारा," ते म्हणाले. "टॉवेल जाड असेल तर उजवा, पातळ असेल तर डावा."

दाजीनं हात जोडले. "बाय माजे, ह्यो भाऊशेठ तुज्या पायाशी आलाय. ह्यो मयेकर परदेशात व्हता. त्याच्या हाटेलात टावेल जाडा व्हता का पातळ व्हता, त्याचा काय तो निवाडा कर."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. मग दोन्ही कळ्या एकदम पडल्या.

दाजीनं कळ्या उचलून बघितल्या. "आयनं दोन्ही दिलान्," तो म्हणाला.

"असा निकाल नसतो," नाना म्हणाले. "फेरसुनावणी घ्या."

सगळ्या देवळात एकटे अण्णा खूश होते. "देवीला बरोबर माहीत आहे," ते म्हणाले. "हाँगकाँगचा जाड, नैरोबीचा पातळ." लोक हसले. देवळात हसू नये म्हणून तोंडावर हात धरून हसले.

दाजी म्हणाला, "परत परत इचारलं तर आय रागवंल. आता मान्सांत इचारा. कुनाला काय ठावं असंल त्यानं हितं तिच्यासमोर बोला."

त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. अण्णांनीही फिरवली, जणू त्या गर्दीतून नैरोबीचा कोणी उठून उभा राहणार होता. मी खाली फरशीतल्या दगडी कासवाकडे बघत होतो. त्याच्या पाठीवर कोणीतरी वाहिलेलं जास्वंदीचं फूल होतं. ते मी अजून बरोबर रंगवून दाखवीन, इतका वेळ मी बघत होतो.

"हाय कुनी?" दाजीनं परत विचारलं.

कोणी नव्हतं.

भाऊशेठ थोडा वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "सुधाकर बरा. तो कधी काही सांगतच नाही."

अशी मला मोटारसायकल मिळाली. बायकोला भाट्याच्या पुलावरून नेलं. तिला वारा लागला आणि दोन दिवस कान दुखला.

तिन्ही सागरतारांचं पुढं काय झालं तेही सांगतो, कारण मांडवीला ते अर्धंच माहीत आहे. दापोलीचे आखूड पलंग आखूडच राहिले. उंच माणूस आला की आम्ही त्याला तिरकं झोपायला सांगायचो. मांडवीला न्याहारीला घावन असायचे, जाळीदार. दापोलीत ते जाड झाले. पोफळीचा आचारी घाटावरचा, त्यानं घावन कधी बघितलाच नव्हता. तो भाकरी करायचा आणि घावन म्हणून वाढायचा, आणि गिऱ्हाईकही घाटावरचं, त्यामुळं तक्रार नव्हती. राज्यभर जिथून वीज जाते त्या पोफळीत आमचा गीझर चालत नव्हता. एका कंत्राटदारानं मला विचारलं, "तुमच्या रत्नागिरीच्या लॉजात गरम पाणी येतं म्हणे?" मी म्हणालो, येतं. तो म्हणाला, "मॅनेजर, थापा मारायला आम्हीच सापडलो काय?" मी शपथ घ्यायला तयार होतो. त्यानं ऐकून घेतलं नाही.

भाऊशेठ अधूनमधून तपासणीला निघत. ते यायच्या दिवशी मी मांडवीच्या चांगल्या चादरी गाठोड्यात बांधून आधीच्या एसटीनं पुढं धाडायचो. कंडक्टरला चहापाणी द्यावं लागे. भाऊशेठ चादरीवर हात फिरवून म्हणायचे, "सगळीकडे सारखं ठेवलंयस हो, शाबास."

अण्णांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत लॉज सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. गुडघे दुखतात म्हणाले. ओट्यावर मात्र येत राहिले, पण गोष्टी बंद झाल्या. चहा प्यायचे, समुद्र बघायचे, उठून जायचे. बैठकीला कळा राहिली नाही. नानांनाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा ते म्हणाले, "अण्णा, बरेच दिवस झाले, एखादा टॉवेल येऊ द्या की."

"आठवत नाही ओ नाना आता."

"अहो, जाडा नाही तर पातळ. आम्ही हरकत घेणार नाही."

अण्णा नुसते हसले. नाना घरी जाताना मला म्हणाले, "माझं काही चुकलं काय रे, सुधाकर?" त्यांनाही मी सांगितलं नाही. सांगायची वेळ अशी एकदा टळली की पुढं दर दिवशी ती जास्त अवघड होत जाते. आधी फक्त फर्नांडिस आले होते एवढंच सांगायचं होतं. मग ते आले होते हे मी का लपवलं, हेही सांगावं लागणार होतं. आणि मग एवढे दिवस का लपवलं.

अण्णांना मी शेवटचं बघितलं ते वाडीतल्या एका लग्नात. मांडवात पंगत बसली होती आणि मी सोलकढीचं भांडं घेऊन वाढत होतो. अण्णांच्या शेजारी एक तरुण बसला होता. त्याला बहारीनला हॉटेलात नोकरी लागली होती आणि आठवड्याभरात तो निघणार होता. कोणीतरी त्याला सांगितलं असावं. तो पानावरून वाकून म्हणाला, "अण्णा, तुम्ही बहारीनला होतात ना? हॉटेलात कसं असतं, सांगा ना जरा."

मी भांडं घेऊन तिथंच थांबलो. मला वाटलं, आता टॉवेल निघणार. खरं सांगायचं तर निघावा असं फार वाटलं.

"मी कुठला बहारीनला?" अण्णा म्हणाले. "बोटीवर होतो थोडे दिवस, कपडे धुवायला. लोक काहीही सांगतात. तू कोणा जाणत्याला विचार."

तरुण ओशाळला आणि पानाकडे बघू लागला. अण्णांनी वाटी पुढं केली. मी वाढली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "छान झालीय हो, सुधाकरराव. शेवटच्या पानापर्यंत अशीच जाऊ दे, पाणी घालू नका." मग जेवून उठले, हात धुतले, आणि मांडवाच्या कडेनं, कोणाच्या पानावर पाय पडणार नाही असं बघत बघत बाहेर गेले.

त्या पावसाळ्यात अण्णा गेले. मी तेव्हा पोफळीत होतो. मोटारसायकलनं निघालो, पण घाटाखाली दरड पडली होती. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. लॉज भाऊशेठच्या मुलानं विकलं. नाना आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं. दाजीच्या जागी त्याचा मुलगा बसतो. काकू मांडवीतच आहेत. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो, भाजी, औषधं आणून देतो. त्या मला फार चांगला माणूस समजतात.

फर्नांडिससाहेबांनी अण्णांसाठी दिलेला निरोप मी अण्णांना दिला नाही. तो आता काकूंना द्यायचा आहे. आणि मयेकरअण्णा खरं बोलत होते, हे देवळात, देवीसमोर, नानांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.